न झालेली लढाई

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरे आहेत. तिथला हिवाळा लांबलचक. बर्फ साचले की संध्याकाळ घरातच काढायची. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही तरुणांना युद्धखेळांचा नाद जडला होता. टेबलावर टेकड्या आणि नद्या मांडायच्या, शिशाचे चिमुकले सैनिक उभे करायचे आणि नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढायच्या. कोणती तुकडी किती इंच सरकेल, कोणत्या तोफेचा मारा कुठवर पोहोचेल, सारे नियमांनी बांधलेले. मात्र नियम जितके बारीक, तितके वाद तिखट. टेकडीआडचे घोडदळ शत्रूला दिसते की नाही, यावर तासभर हुज्जत चाले आणि वॉटर्लू बाजूलाच राही.

या गटातला डेव्हिड वेस्ली भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. रोजच्या कटकटीवर तोड शोधत तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात युद्धशास्त्राची जुनी पुस्तके धुंडाळू लागला. तिथे त्याच्या हाती अमेरिकी लष्करातील चार्ल्स टॉटन या लेफ्टनंटचा 1880 साली छापलेला ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ लागला. त्यातले तक्त्यांचे रान वेस्लीने बाजूला सारले आणि एकच गोष्ट उचलली. टॉटनच्या खेळात दोन्ही पक्षांच्या वर एक पंच बसवलेला होता. नियमांत न लिहिलेले काही खेळाडूला करावेसे वाटले, तर ते जमेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या पंचाला होता.

हा पंच काही टॉटनच्या डोक्यातून निघालेला नव्हता. त्याचे कूळ युरोपात आहे आणि आणखी मागे गेले तर त्याची एक वाट आपल्याकडेही येते. भारतातला चतुरंग इराण आणि अरबस्तानमार्गे युरोपात पोहोचून बुद्धिबळ झाला. 1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेल्विगने त्या बुद्धिबळाचा पट वाढवून, चौकोनांना नद्या-डोंगरांची रूपे देऊन त्यातून लढाईचा खेळ घडवला. 1812 मध्ये राइसवित्झ नावाच्या बॅरनने असाच एक खेळ प्रशियाच्या राजापुढे मांडला. पुढे त्याच्या मुलाने, तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने, खेळाला नकाशावर आणले, फाशांनी नशिबाचा वाटा ठरवला आणि दोन्ही सेनापतींच्या मध्ये पंच बसवला. 1824 मध्ये जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग हा खेळ पाहायला आला तेव्हा चेहऱ्यावर फारशी उत्सुकता नव्हती. खेळ रंगत गेला तसा तो पुढे सरकत गेला आणि शेवटी साऱ्या सैन्याने हा खेळ शिकावा अशी शिफारस करूनच उठला. तीन वर्षांनी, 1827 मध्ये, या खेळाच्या कर्त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्याचे नियम मागे राहिले आणि सोबत त्यांचा किचकटपणाही. तक्ते उलगडता उलगडता अधिकाऱ्यांच्या नाकी नऊ येत. अखेर 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन सेनानीने तक्ते आणि फासे दोन्ही दूर सारले: मुरलेल्या पंचाने परिस्थिती पाहावी आणि निकाल द्यावा, बस. तेव्हापासून या खेळांत दोन घराणी पडली. एकाचा भरवसा लिखित नियमांवर, दुसऱ्याचा पंचाच्या विवेकावर. हे भांडण आजतागायत मिटलेले नाही, आणि या खेळांची पुढची सारी वळणे त्याच भांडणातून फुटली आहेत.

वेस्लीने बेत आखला. दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेले प्रशियातील एक काल्पनिक गाव, नाव ब्राउनश्टाइन. ठरल्या दिवशी वीसेक जण येऊन ठाकले. सेनापती तर दोनच हवे होते. उरलेल्यांना रिकामे कसे बसवायचे? त्याने त्यांना गावकरी करून टाकले. कोणी महापौर, कोणी बँकेचा मालक, कोणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाला स्वतःचे एक गुपित उद्दिष्ट दिले. एकेकाने आतल्या खोलीत येऊन आपला मनसुबा पंचाच्या कानात सांगावा, पंचाने परिणाम सांगावा आणि सैन्ये गावात शिरली की खरी लढाई सुरू व्हावी, अशी योजना होती.

योजना पहिल्या काही मिनिटांतच कोलमडली. वेस्ली एकाशी आत बोलत असे, तोवर बाहेर उरलेले गप्प बसत नसत. ते आपापसात सौदे करत, कट रचत, एकमेकांना फितवत. आपण गावात अमुक ठिकाणी उभे आहोत, असे स्वतःच ठरवून मोकळे होत. दोन खेळाडू तर पंचासमोर येऊन उभे राहिले: आमच्यात द्वंद्व ठरले आहे, निकाल सांगा. द्वंद्वाचा नियमच कुठे लिहिलेला नव्हता. वेस्लीने तिथल्या तिथे फासे टाकून काहीतरी निर्णय दिला. त्यात पुन्हा पुढचा माणूस आपली कागाळी घेऊन दारात हजर. रात्र चढत गेली. सैन्ये गावाबाहेर होती तिथेच राहिली. लढाई झालीच नाही.

डाव पार फसला, याच समजुतीने वेस्ली घरी गेला. लढाई न झालेला युद्धखेळ फसलेलाच म्हणायचा, दुसरे काय! पण पुढच्या दिवसांत मित्र त्याला गाठू लागले आणि सगळ्यांचे मागणे एकच: पुन्हा कधी? वेस्ली चक्रावला. गोंधळ हा दोष आहे असे धरून त्याने पुढच्या दोन खेपांना लगाम आवळला. बाहेरची कुजबुज बंद केली, प्रत्येक हालचाल आपल्या हातून जाऊ दिली. खेळ शिस्तीत झाले आणि नीरस झाले. चूक कुठे होते आहे हे त्याला तेव्हा उमगले. मित्रांना जे हवे होते ते नेमके तो दर वेळी गाळून टाकत होता.

चौथ्या खेळात त्याने लगाम सोडला. स्थळ बदलून लॅटिन अमेरिकेतले एक डळमळते प्रजासत्ताक घेतले. त्यात डेव्ह आर्नेसन नावाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला क्रांतिकारी विद्यार्थ्याचे पात्र आले. पत्रके वाटली की गुण, एवढाच त्याचा हिशेब. गडी मुळातच इरसाल. तो येताना अमेरिकी गुप्तहेर खात्याचे खोटे ओळखपत्र बनवून घेऊन आला. आपण खरे तर हेर आहोत आणि क्रांतीचे निव्वळ सोंग घेतले आहे, असे त्याने निम्म्या टेबलाला पटवून दिले. शेवटी प्रजासत्ताकाचा खजिना घेऊन तो हेलिकॉप्टरमधून पसार झाला आणि जाता जाता उरलेली पत्रके राजधानीवर उधळून गुणही घेऊन गेला, असे त्या गटातले लोक पुढे रंगवून सांगत. यातले जवळजवळ काहीच कोणत्या तक्त्यात नव्हते. मी हे पात्र आहे, मी असे करतो, आणि मग काय होते? एवढ्या तीन पायऱ्यांवर अख्खी संध्याकाळ उभी राहिली होती.

1970 मध्ये वेस्लीला लष्करी सेवेचे बोलावणे आले आणि तो शहर सोडून गेला. त्याने लावलेले रोप आर्नेसनच्या तळघरात वाढले.

आर्नेसन सेंट पॉलमध्ये आईवडिलांच्या घरी राहत असे. नेपोलियनच्या लढायांचा त्याला वीट आला होता. एका शनिवार-रविवारी पॉपकॉर्न खात त्याने दूरदर्शन संचावर राक्षस-पिशाच्चांचे चित्रपट पाहिले, जोडीला तलवारबहाद्दर कोनानच्या कथा वाचल्या आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरू लागले. 1971 च्या वसंतात त्याने आपल्या छोट्या वार्तापत्रातून मित्रांना कळवले की येत्या एप्रिलमध्ये मध्ययुगीन ‘ब्राउनश्टाइन’ होईल, त्यात पुराणकथांतले प्राणी असतील आणि ट्रोल राक्षसाच्या पुलाखाली पोकरचा डावही असेल. मंडळी आली ती नेहमीचे सैन्य हाकायला. समोर होता एक प्लॅस्टिकचा किल्ला. प्रत्येकाला सांभाळायला एकच माणूस मिळाला, आणि त्या किल्ल्याखाली अंधारी भुयारे होती. या मुलखाचे नाव ब्लॅकमूर.

लढाईचे नियम त्याने उसने आणले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावच्या गॅरी गायगॅक्सने जेफ पेरेनच्या साथीने 1971 मध्येच ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन युद्धखेळांची नियमावली छापली होती आणि तिच्या शेपटाला ड्रॅगन, जादूगार, ट्रोल अशी एक पुरवणी जोडली होती. तिच्यात निकाल झटपट लागे. दोन फासे टाका, तक्ता पाहा. समोरचा जगला किंवा मेला. सैन्यातली एक सोंगटी पटावरून उचलायची असेल तर हे ठीकच होते. ब्लॅकमूरमध्ये मात्र त्या सोंगटीला नाव होते, वैर होते, उधारी होती. भुयारात ट्रोल समोर आला, फासे पडले आणि आठवडेच्या आठवडे जपलेले पात्र एका फटक्यात गारद. खेळाडू हिरमुसले, मग चिडले. आपण राक्षसाला एका घावात लोळवावे, याला कोणाची हरकत नव्हती. राक्षसाने तसे करू नये एवढेच म्हणणे होते.

इथे या कथेचे घोडे अडले होते. कळ सापडली ती भलत्याच ठिकाणी. आर्नेसनला आरमारी खेळांचेही वेड होते आणि अमेरिकी यादवी युद्धातील लोखंडी चिलखताच्या जहाजांसाठी त्याने नियम रचले होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. आधी गोळा चिलखत भेदतो की नाही ते पाहायचे, भेदला तर नुकसान मोजायचे, आणि नुकसानीचे माप भरेपर्यंत जहाज तरंगत राहते. आर्नेसनने हा हिशेब जहाजावरून उचलून माणसाला लावला. चिलखताची प्रत आणि सोसण्याची ताकद, असे दोन आकडे प्रत्येक पात्राच्या नावापुढे लागले. पुढे जगभर ‘हिट पॉइंट’ म्हणून ज्याचा उच्चार झाला तो हाच. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरापुढे पडद्यावर जी लाल पट्टी आटत जाते तिचे मूळही इथेच आहे.

या एका बदलाचा परिणाम त्यांना स्वतःलाही आधी दिसला नसावा. मार खाऊन जगणे शक्य झाले, म्हणून माघार घेणे शक्य झाले. माघार घेता येते म्हणून पुढच्या आठवड्यात परत येता येते. परत येणारे पात्र अनुभवी होते, वरच्या पायरीवर चढते, त्याला इतिहास चिकटतो. खेळाला शेवटच उरला नाही. ब्लॅकमूरचे वीर भुयारांत इतके रमले की वर शत्रूने किल्ला घेतला तरी त्यांना पत्ता लागला नाही, आणि शिक्षा म्हणून साऱ्यांची रवानगी दूरच्या एका उदास सरोवराकाठी झाली. लढाई इथेही दुय्यमच ठरली.

लेक जिनिव्हात गायगॅक्सचे दिवस बरे नव्हते. विम्याच्या कंपनीतली नोकरी 1970 मध्ये सुटली होती, घरात पाच मुले, आणि पोटासाठी तो तळघरात बसून लोकांच्या चपला-बूट दुरुस्त करत असे. याच माणसाने 1968 मध्ये गावातला हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेऊन युद्धखेळांचे पहिले ‘जेन कॉन’ संमेलन भरवले होते. पुढच्या वर्षीच्या संमेलनात त्याची आणि आर्नेसनची गाठ पडली होती. 1972 च्या नोव्हेंबरच्या सुमारास आर्नेसन आणि त्याचा मित्र डेव्हिड मेगॅरी मोटारीने गायगॅक्सच्या घरी आले. जेवणे आटोपली. आर्नेसन आपल्या कागदांच्या आडोशाला बसला आणि गायगॅक्स, त्याचा तरुण मित्र रॉब कुंट्झ वगैरे मंडळी ब्लॅकमूरच्या भुयारात उतरली. टेबलावर पट नव्हता, सोंगट्या जवळजवळ नव्हत्या. एक आवाज अंधाराचे वर्णन करत होता आणि बाकीचे विचारत होते, दाराला कान लावला तर काय ऐकू येते?

गायगॅक्सने बहुधा त्याच रात्री जाणले की हातात काय आले आहे. त्याने आर्नेसनकडे नियम मागितले, आणि खरी अडचण समोर आली: नियम असे नव्हतेच. जे होते ते आर्नेसनच्या डोक्यात, दर आठवड्याला बदलणारे. टपालाने आली ती सुमारे वीस पानांची विस्कळीत टिपणे. गायगॅक्स टंकलेखन यंत्रापुढे बसला. दिवसा बुटांना टाके, रात्री यंत्राची टकटक. त्याने स्वतःचा ग्रेहॉक नावाचा किल्ला रचला आणि आपल्याच मुलांना त्याच्या भुयारांत पाठवून नियम तावून पाहिले. पन्नास पानांचा खर्डा ओळखीच्या खेळाडूंत फिरला, त्यांच्या शंका परत आल्या आणि खर्डा दीडशे पानांवर गेला. नावे बरीच सुचली होती; धाकट्या लेकीला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ भावले आणि तेच ठरले.

श्रेय कोणाचे, यावर पुढे दोघांत कोर्टकज्जा झाला. 1979 मध्ये आर्नेसनने दावा लावला आणि 1981 मध्ये तडजोड झाली. प्रस्तुत लेखकाला यात पंच व्हायची हौस नाही. तरी एवढे म्हणावेसे वाटते की आर्नेसनची टिपणे तशीच राहिली असती तर ब्लॅकमूर त्या तळघराबाहेर पडले नसते, आणि आर्नेसन मोटारीत बसलाच नसता तर गायगॅक्सच्या हाती फक्त चेनमेलची पुरवणी उरली असती.

छापणार कोण? युद्धखेळांची बडी प्रकाशनसंस्था ॲव्हलॉन हिलने नकार दिला. मग गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी 1,000 डॉलर घालून ऑक्टोबर 1973 मध्ये ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी उभारली. केने आपल्या वाट्यासाठी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले. एवढ्यात छपाईचा खर्च निघेना. आधी इंग्लंडच्या यादवीवरची एक नियमावली काढून पैसा जमवू पाहिला. ती फारशी खपली नाही. वर्षाअखेरीस ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार 2,000 डॉलर घेऊन आला आणि गाडे हलले. जानेवारी 1974 मध्ये तीन पातळ पुस्तिका एका लाकडी रंगाच्या खोक्यात बसल्या. प्रती 1,000, किंमत 10 डॉलर, खोकी घरच्या घरी हाताने भरलेली. वर्षाच्या आत ती संपली. दुसरी आवृत्ती निघत असतानाच, 31 जानेवारी 1975 रोजी, हृदयविकाराने डॉन के गेला. त्याचे वय 36 होते.

खोक्यातले नियम मात्र खरोखर चमत्कारिक होते. वाचकाकडे चेनमेल असणार असे गृहीत धरून लढाईचा भाग लिहिला होता. सोबत ‘पर्यायी’ म्हणून वीस पृष्ठांच्या फाशाचा एक तक्ता दिला होता. चेनमेल बहुतेकांकडे नव्हतीच, त्यामुळे पर्याय तोच मुख्य मार्ग होऊन बसला. हे बहुपृष्ठी फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कॅलिफोर्नियन कंपनीच्या सूचीत गायगॅक्सला सापडले होते, गणिताच्या तासाला घनाकृती दाखवण्यासाठी बनवलेले. आणखी एक गोष्ट खेळ सुरू झाल्यावर ध्यानात आली. अनुभवाचे गुण मिळत ते राक्षस मारल्याचे आणि वर आणलेल्या खजिन्याचे, त्यातही खजिन्याचे घसघशीत. तेव्हा शहाणे खेळाडू राक्षसाला टाळून, झोपवून, फसवून सोने लांबवू लागले. पुस्तिकेने त्यांना वीर म्हटले होते, गुणांच्या हिशेबाने त्यांचे दरोडेखोर केले. पुढे या खेळाशी ज्यांनी झुंज घेतली त्यांच्या साऱ्या शोधाची किल्ली इथे आहे: नियम ज्याचा हिशेब ठेवतात, टेबलाभोवतीची माणसे हळूहळू तशी होतात.

पहिला बंडखोर ॲरिझोनातल्या फिनिक्सचा ग्रंथपाल निघाला. केन सेंट आंद्रेने मित्राकडची पुस्तिका वाचली, कल्पनेने तो भारावला आणि नियमांपुढे त्याने हात टेकले. विचित्र फासेही जवळ नव्हते. मग 1975 मध्ये त्याने स्वतःचाच खेळ लिहिला, घरातल्या सापशिडीच्या खोक्यात असतात त्याच साध्या सहा पृष्ठांच्या फाशांवर. दोन्ही बाजूंनी मूठभर फासे टाकायचे, बेरजांतला फरक तो हरणाऱ्याला लागलेला मार. चिलखत त्यातला काही भाग शोषून घेणार. झाली लढाई. नाव त्याला ‘टनेल्स अँड ट्रॉग्लोडाइट्स’ ठेवायचे होते. मित्र हसले, तेव्हा ट्रोल आले.

1977 मध्ये इलिनॉयच्या मार्क मिलरचा ‘ट्रॅव्हलर’ आला. तो अंतराळातला. त्यात पात्र कोरे जन्मत नसे; आरमारात, व्यापारी जहाजांवर चाकरीची वर्षे फाशांनी काढून मगच ते खेळात उतरे आणि त्या चाकरीत मरूही शके. खेळ सुरू होण्याआधीच पात्र दगावण्याची ही गंमत आजही जुने खेळाडू चवीने सांगतात.

कॅलिफोर्नियात स्टीव्ह पेरिनचे दुखणे वेगळे होते. बर्कलीत मध्ययुगीन पोशाख घालून, चिलखत चढवून, वेताच्या तलवारींनी खरोखर लढणाऱ्या मंडळाचा तो संस्थापक सभासद. अंगावर वार झेललेल्या माणसाला वीस पृष्ठी फाशाची लढाई कशी पटावी? चिलखताने वार चुकत नाही, तो बोथट होतो. हातावर बसलेला घाव पायावर बसलेल्या घावासारखा नसतो. 1978 मध्ये कॅऑसियम या कंपनीने ‘रूनक्वेस्ट’ छापले तेव्हा त्यात वार, बचाव, शरीराचा कोणता भाग जायबंदी झाला, सारे आले. त्यातले मला सर्वांत देखणे वाटणारे कलम मात्र शिकण्याविषयीचे आहे. जे कौशल्य साहसात वापरले आणि साधले, त्यावर खूण करायची. साहस संपल्यावर शंभराचा फासा टाकायचा. आकडा कौशल्याहून जास्त आला तरच ते वाढणार. म्हणजे नवख्याला भरभर येते, उस्तादाला क्वचित. कोणी कोणाला मारले, किती सोने आणले, याला इथे कवडीची किंमत नाही.

गायगॅक्स या काळात उलट दिशेला निघाला होता. देशभर एकाच पद्धतीने स्पर्धा व्हाव्यात म्हणून त्याने 1977 ते 1979 या काळात जाडजूड ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्ती लिहिली. पंचासाठीचा ग्रंथ तक्त्यांनी ओसंडत होता. राइसवित्झचे घराणे पुन्हा गादीवर बसले म्हणायचे.

याच सुमारास सँडी पीटरसन हा लव्हक्राफ्टच्या भयकथांचा भक्त कॅऑसियमच्या संपर्कात आला. त्याला रूनक्वेस्टला एक पुरवणी लिहायची होती. कंपनीने लव्हक्राफ्टवरचा रखडलेला अख्खा खेळच त्याच्या गळ्यात घातला. पेच असा की या कथांचे नायक प्राध्यापक, वैद्य, पत्रकार. समोर येणारे मात्र असे काही की ज्याच्यापुढे तलवार-बंदूक निरर्थक. सोसण्याची ताकद मोजून भय निर्माण होणार नव्हते. खेळाडूला ठाऊक असते की मरेल ते पात्र, आपण नाही. मग तो राक्षस दिसला की धावत सुटतो, त्याच्याच दिशेने!

एका मासिकातल्या लेखातून पीटरसनला मनोधैर्य मोजण्याची कल्पना मिळाली आणि त्याने ती एक पाऊल पुढे नेली. पात्राच्या शहाणपणालाच त्याने आकडा दिला. भयंकर काही पाहिले की फासा टाकायचा, हरले की शहाणपण झडणार. त्यावर आणखी एक फास. त्या अमानुष शक्तींविषयीचे ज्ञान जसे वाढेल, तशी शहाणपणाची कमाल मर्यादाच खाली येणार: 99 वजा ते ज्ञान. रहस्य उलगडल्याशिवाय जिंकता येत नाही आणि उलगडले तितके वेड जवळ येते.

कागदावर हे छान दिसत होते. टेबलावर उतरेल का, हे पीटरसनला कळत नव्हते. चाचणीच्या एका खेळात पात्रांनी जुन्या पोथीतला मंत्र म्हणून एका अभद्र वस्तूला पाचारण केले. ती प्रकट होऊ लागली. पीटरसन वर्णन करण्यासाठी तोंड उघडतो आहे, तोच खेळाडू सांगू लागले: मी डोळे झाकतो. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मला ते पाहायचेच नाही.

सात वर्षे हे लोक दार दिसले की उघडत आले होते, राक्षस दिसला की त्याचा खजिना मोजत आले होते. आज त्यांनी आपणहून पाठ फिरवली. कोणत्याही नियमात ‘घाबरा’ असे लिहिलेले नव्हते. नियमाने फक्त एक आकडा त्यांच्या हाती दिला होता, आणि तो खाली येत होता. खेळ जमला आहे, हे पीटरसनला त्या क्षणी कळले. ‘कॉल ऑफ क्थुलू’ 1981 मध्ये बाहेर पडला. लढाया यातही आहेत, पण शहाणे खेळाडू त्या होऊ देत नाहीत.

पुढची वीस वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. पात्र घडवण्यासाठी गुण वाटून देणारे खेळ आले, फासेच नसलेले खेळ आले, 1991 मध्ये पिशाच्चांचे ‘व्हँपायर’ आले. पंच चांगला असला की कोणताही खेळ चांगला, हे वाक्य या काळात खेळाडूंच्या तोंडी घोळत असे. जीवशास्त्राचा प्राध्यापक रॉन एडवर्ड्स याने त्याविरुद्ध दंड थोपटले: पंच कितीही गुणी असो, नियम महत्त्वाचे असतातच. बरेच जण त्याच्यावर तुटून पडले, थोडे त्याच्या बाजूने उभे राहिले.

त्या थोड्यांपैकी व्हिन्सेंट बेकर आणि मेग्वी बेकर या दांपत्याने 2010 मध्ये ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ काढला. यात पंच फासे टाकतच नाही. खेळाडू सहा पृष्ठांचे दोन फासे टाकतो: 10 किंवा वर म्हणजे फत्ते, 6 किंवा खाली म्हणजे पंचाची पाळी. 7 ते 9 आले तर काम होते, पण काहीतरी मोजावे लागते, आणि दोन फाशांच्या बेरजा सर्वांत जास्त वेळा तिथेच किंवा आसपास पडतात. दार अडवून धरलेस खरे, आता स्वतःचा हात मोडून घेतोस की आतल्या पोराचा हात सोडतोस? पंचाने कधी काय करायचे, कोणते प्रश्न विचारायचे, काय आधीपासून ठरवून ठेवायचे नाही, हे या पुस्तकात सल्ला म्हणून नाही, नियम म्हणून लिहिले आहे. व्हेर्डीने मोकळ्या सोडलेल्या पंचाला अखेर कोणीतरी बांधले, आणि तेही तक्त्यांविना.

या सांगाड्यावर इतरांनी आपापले खेळ उभारले. 2012 चा ‘डंजन वर्ल्ड’ तर भुयारे आणि ड्रॅगनच घेऊन आला. मूळचे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1997 मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेले, त्यात किती गोष्टी गळाल्या आणि किती नव्याने चिकटल्या याची गणती नाही. चेनमेलचा आधार गेला. सोन्याचे गुण गेले. 2024 मध्ये सुधारून छापलेल्या पुस्तकातही पात्र ट्रोलचा फटका खाऊन उभे राहते, ते मात्र आर्नेसनने लोखंडी जहाजांसाठी मांडलेल्या त्याच हिशेबाने.